मुलांचं मन : खोटं न बोलता धीर द्यायचा तर

या वेळच्या पत्रांत एक धागा सारखा दिसला. मूल रडू नये, घाबरू नये म्हणून घरातली माणसं मायेपोटीच थाप मारतात. "आत्ता येते हं", "पप्पा उद्या येणार", "आजोबा झोपलेत". तेवढी वेळ निभावते, पण पुढच्या वेळी मूल त्या माणसाच्या शब्दावर विसंबत नाही. लहान मुलाचा धीर त्याच्या माणसांच्या शब्दावरच उभा असतो. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. घरी मराठी, पण जूनपासून गावातल्या कानडी अंगणवाडीत जातो. घरात तोंड मिटत नाही, तिथं मात्र तीन महिन्यांत एक शब्द बोललेला नाही. टीचर विचारतात, "मुका आहे का?" जाऊबाई म्हणतात, शाळाच बदला. काय करू? (एक आई, खानापूर तालुका)

घरात भरभरून बोलतो, तेव्हा तो मुका नाही हे नक्की. आता एवढंच शोधायचं, की तो नव्या भाषेपुढं गप्प आहे की भीतीनं गोठला आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी सहा महिनेसुद्धा नुसती ऐकतात. अशा मुलाचे डोळे सगळीकडे फिरत असतात. गाण्यावर हात हलतात, खाऊ व्यवस्थित पोटात जातो, मागच्या अंगणात मराठी बोलणारा सवंगडी भेटला की तो त्याच्याशी कुजबुजतो. हे शिकणंच आहे, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

भीतीनं गोठलेलं मूल मराठी मुलांशीही तिथं बोलत नाही. अंग ताठ, चेहरा कोरा, ताटातला भात तसाच. लघवी लागली तरी सांगत नाही आणि चड्डी ओली होते. शाळेचा पहिला महिना धरायचा नाही, त्यात कुठलंही मूल बुजतं. त्यानंतरही महिनाभर हे चाललं तर त्याला निवडक अबोलपणा म्हणतात आणि तो आपोआप जाईल म्हणून थांबणं बरं नाही. दोन-तीन दिवस खेळायच्या वेळी कुंपणाआडून बघा: मराठी सवंगड्याशी तो बोलतो का? या एका गोष्टीवरून बराच उलगडा होतो.

दोन्ही बाबतींत "बोल की रे, चॉकलेट देतो" हे बंद करा. सगळ्यांची नजर तोंडावर खिळली की भीती वाढते, गप्प राहिलं की ती उतरते, आणि गप्प राहिल्यानं सुटका होते हे मूल पक्कं शिकतं. पाहुण्यांसमोर "हा तिथं बोलतच नाही" असं सांगणंही त्यातलंच. ऐकून ऐकून ती त्याची ओळख होऊन बसते.

नुसती भाषेची अडचण असेल तर घरी खेळता खेळता गरजेचे पाच शब्द द्या: "नीरु" (पाणी), "बेकु" (पाहिजे), "साकु" (पुरे), "इल्ला" (नाही), "नोवु" (दुखतंय). एक शब्द दोन-तीन दिवस चालू द्या. बाहुलीला तहान लागली, ती "नीरु बेकु" म्हणते, एवढंच. पाठांतर नको. लघवीसाठी करंगळी दाखवायची हे टीचरशी आधी ठरवून घ्या आणि मुलाला त्यांच्यासमोरच सांगा. "घरी पण कानडीच बोला" असा सल्ला कुणी दिला तर मानू नका. पहिली भाषा भक्कम असली की दुसरी तिच्या आधारानं येते, आणि घरात मायेची बोली तुटली तर मुलाजवळ भीती सांगायलाही शब्द उरत नाहीत.

भीती असेल तर टीचरची मदत लागेल. आठवड्यातून तीन-चार दिवस इतर मुलं यायच्या आधी १५-२० मिनिटं तुम्ही दोघं जा. कोपऱ्यात बसून चिंचोके नाहीतर ठोकळे खेळा आणि मराठीतच बोला. टीचर लांब आपलं काम करत राहतील, वळूनही बघणार नाहीत. त्याचा आवाज घरातल्यासारखा मोकळा निघू लागला की त्यांनी दोन पावलं जवळ यायचं. पुढच्या खेपेला शेजारी बसायचं, पण प्रश्न विचारायचा नाही. "हा ठोकळा मोठा आहे" इतकंच आपल्याशी बोलायचं. तेही पचलं की निवडीचा प्रश्न: "लाल देऊ की हिरवा?" विचारल्यावर मनात पाच आकडे मोजत थांबायचं. "देऊ का?" असं विचारू नये, नुसती मान हलवून काम भागतं. मग एक सवंगडी खेळात घ्यायचा. त्यानंतर तुम्ही सरकायचं, आधी दाराशी, मग व्हरांड्यात. मधेच तो गप्प झाला तर एक पायरी मागं या. रागावू नका, घाईही करू नका.

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती पहिल्या शब्दावर. मूल हळूच "लाल" म्हणतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मूल पुन्हा शंखात जातं. लाल ठोकळा हातात द्यायचा आणि खेळ पुढं न्यायचा, बस्स.

शाळा बदलण्याची घाई करू नका. भीती असेल तर ती नव्या शाळेतही सोबत जाईल. जवळ मराठी शाळा आहे आणि मातृभाषेत शिकवायचं आहे म्हणून पुढं पहिलीला तिथं घालणार असाल तर तो वेगळा, चांगला विचार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी असं म्हटलं आहे. फक्त अबोलपणावरचा इलाज म्हणून ते करू नका. मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांच्याकडून कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या काही मुलांना कमी ऐकू येतं आणि ते घरच्यांच्या लक्षात येत नाही. हे सगळं नेमानं सहा-आठ आठवडे करूनही फरक नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत, डिम्हान्समध्ये, दाखवा.

प्रश्न : मुलगा-सून उद्यमबागेत कामाला आहेत, म्हणून नातीला बालवाडीत मीच सोडते. ती खेळात रमली की मी हळूच निघून येते. सुरुवातीला बरं चाललं. आता पदर सोडत नाही, घरी मी न्हाणीत गेले तरी दारात रडत बसते. (एक आजी, येळ्ळूर)

आजी, तुम्ही हळूच निघता ते तिनं रडू नये म्हणून. पण तिच्या बाजूनं बघा: खेळात मान खाली घातली आणि वर केली तर आजी गायब. आता ती खेळायलाच घाबरते, कारण रमलं की आजी जाते. म्हणून तर न्हाणीच्या दारातही पहारा.

उद्यापासून सांगून निघा. दारात खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला या आणि रोज तेच तीन शब्द म्हणा, तीच एक खूण करा: कपाळाला कपाळ टेकवा नाहीतर तळहातावर एक पापी ठेवा. मग सांगा, "खिचडी खाऊन हात धुतलेस की मी दारात." घड्याळातले साडेबारा तिला कळत नाहीत, खिचडी कळते. हे सगळं एका मिनिटात उरकून वळा. ती रडेल. रडू द्या, बाईंनी तिला जवळ घ्यावं. दारामागून डोकावू नका आणि रडणं ऐकून परत फिरू नका. परत फिरलात की जोरात रडल्यावर आजी येते हे तिला कळतं आणि उद्याचं रडणं आणखी लांबतं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे खिचडीनंतर तुम्ही खरोखर दारात असणं. पहिले पंधरा दिवस दहा मिनिटं आधीच जाऊन थांबा. एकदम पूर्ण वेळ जमत नसेल तर बाईंशी बोलून दोन दिवस अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत न्या. घरी न्हाणीत जातानाही सांगून जा आणि आतून गाणं म्हणत राहा. आवाज येतोय तोवर माणूस आहे, हे शिकायला लपाछपीसारखा खेळ नाही. तोही रोज खेळा, आणि लपायचं तुम्ही.

दोन-तीन आठवड्यांत सोडतानाचं रडणं बरंच कमी व्हायला हवं. सोमवारी, यात्रेनंतर, तापातून उठल्यावर ते पुन्हा उसळेल. ती घसरण नव्हे, तिथून पुन्हा लवकर सावरतं. चार आठवड्यांनंतरही ती बालवाडीत तासभर रडत असेल, जेवण-झोप बिघडली असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

प्रश्न : मुलगा वीस महिन्यांचा. हट्ट पुरवला नाही की रडतो, श्वास अडकतो, ओठ निळे पडतात, मान टाकतो. सासूबाई कांदा हुंगवतात, चप्पल नाकाला लावतात. आता घाबरून आम्ही त्याला कशालाच नाही म्हणत नाही. मी घरी विड्या वळते. (निपाणी)

बघणाऱ्याचं काळीज हलतं खरं, पण वर्णनावरून हा श्वास रोखण्याचा झटका वाटतो. सहा महिने ते पाच-सहा वर्षं या वयात तो दिसतो. मूल मुद्दाम करत नाही. जोराच्या रडण्यात श्वास बाहेर जातो आणि पुढचा आत यायचा राहतो, ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास स्वतःहून परत येतो आणि मेंदूला इजा होत नाही. तरी पहिल्यांदा झटका आला की मुलाला डॉक्टरांना दाखवायचंच.

झटका आल्यावर त्याला जमिनीवर कुशीवर निजवा, आजूबाजूचा पाट, विळी, सूप दूर सारा आणि घड्याळ बघा. तोंडात पाणी, बोट, चमचा काही घालू नका, गदागदा हलवू नका. कांद्यानं आणि चपलेनं श्वास परत येत नाही. तो आपोआप येणारच असतो, म्हणून श्रेय त्यांना मिळतं. सासूबाईंना हे शांतपणे सांगा आणि त्यांना घड्याळ बघायचं काम द्या. घाबरलेल्या हातांना काम लागतं. त्यांना नंतर मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, त्यानं काही बिघडत नाही. डॉक्टरांकडे जाणं मात्र त्यासाठी पुढं ढकलू नका.

मिनिटभरात श्वास आला नाही, हातपायांचे झटके थांबेनात, नंतर मूल नीट शुद्धीवर येईना, तर लगेच दवाखाना गाठा. न रडता, खेळताना किंवा झोपेत मूल असं पडलं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल, तर हृदयाचा आलेख काढून घ्यायलाच हवा.

एक गोष्ट बहुतेक घरांत सुटते: लोह. रक्तात लोह कमी असलेल्या मुलांत हे झटके जास्त येतात, आणि लोह भरून काढल्यावर पुष्कळांचे कमी होतात किंवा थांबतात. हिमोग्लोबिन तपासा. या वयात ते ११ च्या खाली म्हणजे पांडुरोग. ते ठीक आलं तरी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांगा, कारण साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आशाताई देतात ते लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिलि असतं. ती कमतरता होऊ नये म्हणूनची मात्रा आहे, झालेली कमतरता भरायला डॉक्टर वजनावरून वेगळी मात्रा देतात आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही ती दोन-तीन महिने चालू ठेवावी लागते. औषध दुधाबरोबर देऊ नका, लिंबाच्या पाण्याबरोबर द्या. शी काळी होते, त्याला घाबरू नका. बाटली मात्र उंच फळीवर ठेवा, एकदम जास्त लोह पोटात गेलं तर मुलाच्या जिवाला धोका असतो. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा आणि चहा बंद करा. बशीतला दोन घोट चहासुद्धा नको, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही.

आणि विड्यांबद्दल, विचारलं नसलं तरी: तंबाखूचं सूप मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू नका, भरवण्याआधी साबणानं हात धुवा. चिमूटभर तंबाखू पोटात गेली तरी या वयात विषबाधा होते.

आता हट्टाकडे. झटक्याच्या भीतीनं सगळं दिलंत तर झटके थांबत नाहीत, कारण दिवसभरात कशाला तरी नाही म्हणावंच लागतं. "नाही" मोजकंच ठेवा, पण ठेवलेलं मोडू नका. विळी नाही म्हणजे नाही. आधी कल्पना द्या: "अजून दोन घास, मग खाली उतरायचं." शक्य तिथं दोन पर्याय द्या, लाल वाटी की स्टीलची. झटका येऊन गेल्यावर जवळ घ्या, पाणी पाजा, पण जी वस्तू नाकारली होती ती देऊ नका. भुकेल्या आणि पेंगुळलेल्या मुलाला लवकर राग येतो. या वयाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप लागते, ती मिळते का बघा.

प्रश्न : आजोबा गेले तेव्हा चार वर्षांच्या नातवाला "झोपलेत" सांगितलं. आता तो रात्री झोपायलाच तयार नाही. (कडोली)

मग झोपलेला माणूस परत उठत नाही, असाच अर्थ त्यानं घेतला. आता साफ सांगा: "आजोबा झोपले नव्हते. ते मेले. त्यांचं शरीर चालायचं बंद झालं. त्यांना आता भूक लागत नाही, दुखत नाही. ते परत येणार नाहीत. झोपलेली माणसं सकाळी उठतात." 'मेले' हा शब्द जिभेवर येत नाही, कळतं आम्हाला. पण नुसतं "देवाघरी गेले" म्हटलं तर मूल विचारतं, मग परत कधी येणार? ते घरची श्रद्धा म्हणून जरूर सांगा, साफ सांगितल्यानंतर. कारणही नीट सांगा, "खूप म्हातारे आणि खूप आजारी होते". नुसतं "आजारी" म्हटलं तर आईला सर्दी झाली तरी त्याचा थरकाप होईल. तो तेच पुन्हा पुन्हा विचारेल, कारण या वयात 'कायमचं' कळत नाही. दर वेळी तेच उत्तर त्याच शब्दांत द्या. त्यानं विचारलं नसलं तरी एकदा सांगा, "तुझ्यामुळं काही झालं नाही." तुम्हाला रडू आलं तर लपवू नका, "आजोबांची आठवण आली" एवढं बोला. झोपताना काही दिवस कुणीतरी शेजारी बसा.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात दूधगंगेचं पाणी घरात शिरलं, शाळेत जाऊन राहिलो. सहा वर्षांची मुलगी आता ढग आले की पोटात दुखतं म्हणते, रात्री अंथरूण ओलं करते, दिवसातून दहादा "पाणी येईल का?" विचारते. बाहुल्यांना पुरात वाहून नेण्याचाच खेळ खेळते. (नदीकाठचं गाव, चिकोडीकडील)

"छे, आता नाही येत" असं सांगत असाल तर ते थांबवा. तिनं पाणी पाहिलंय. "येऊ शकतं. आलं तर आपण काय करायचं ते ठरलंय" हे खरं उत्तर, आणि त्यातच धीर आहे. अट एकच, खरोखर काहीतरी ठरलेलं असलं पाहिजे.

एका उघडीप असलेल्या दुपारी तिला घेऊन बसा. पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर खडूनं दाखवा. काळम्मावाडी धरणातून पाणी सोडलं की गावात सूचना येते, नदी बहुतेक वेळा तासातासानं चढते, आणि पाणी पारापाशी यायच्या आधी आपण निघायचं, हे सांगा. कोणत्या वाटेनं, कुणाच्या घरी, ते पायी चालून दाखवा. तिची छोटी पिशवी भरा: एक कपड्यांचा जोड, टॉवेल, बाहुली, बिस्किटाचा पुडा, तुमचा फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा. ती पिशवी तिची. शेळी सोडायचं काम बाबांचं, पिशवी उचलायचं तिचं. हाती काम असलं की मुलाची भीती कमी होते. मग "पाणी येईल का?" ला एकदा खरं उत्तर द्या, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर तिलाच विचारा, "आलं तर आपलं काय ठरलंय?"

खेळ थांबवू नका, त्यातूनच ती ते सोसते आहे. आठवडे उलटले तरी बाहुल्या दर वेळी वाहूनच जात असतील आणि खेळून ती आणखी घाबरी होत असेल, तर शेजारी बसून विचारा, "आता नाव कुठनं येणार?" पुढचं तिलाच रचू द्या. फोनवरचे पुराचे व्हिडिओ मात्र तिच्या कानावरही पडू देऊ नका.

पोटात दुखणं खोटं नाही, भीती पोटात उतरतेच. फूल हुंगल्यासारखा तीन मोजत श्वास आत घ्यायचा आणि गरम भाकरीवर फुंकर घातल्यासारखा पाच मोजत सोडायचा, असं पाच वेळा. हे रोज रात्री, ती शांत असताना करा. वीज कडाडल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलात तर ते डोक्यात शिरत नाही, आणि "श्वास घे, श्वास घे" ऐकून ती आणखी बिचकते.

अंथरुणाचं वेगळं बघा. सहा महिने कोरडी राहिलेली मुलगी पुन्हा ओलं करू लागली तर लघवी तपासा, जंतुसंसर्ग आणि साखर दोन्हींसाठी. बद्धकोष्ठ आहे का विचारा. दिवसा पाणी तोडू नका, झोपण्याआधी लघवीला न्या, सकाळी चादर बदलताना चर्चा करू नका आणि भावंडांना चिडवू देऊ नका. भीती महिन्याच्या वर टिकली, रोज वाईट स्वप्नं पडू लागली, शाळा सुटू लागली तर वाट बघू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, भाषाही निवडता येते.

प्रश्न : मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. तीन वर्षांचा मुलगा रोज विचारतो, "पप्पा कधी येणार?" मी "उद्या" म्हणते. (हिंडलगा)

"उद्या" सोडा. "पप्पा कामावर आहेत. सुट्टी मिळाली की येतील. कधी ते अजून ठरलं नाही, ठरलं की तुला सांगते" हे तीन वर्षांच्या मुलाला पुरतं. बरणीत शेंगदाणे टाकून दिवस मोजायची युक्ती कुणी सुचवेल. फौजेत सुट्टी पुढं सरकते, आणि बरणी संपल्यावर पप्पा आले नाहीत तर समजूत घालणं फार अवघड जातं. म्हणून उरलेले दिवस मोजू नका, सांगायच्या गोष्टी जमवा: आज काढलेलं चित्र, सापडलेलं पीस, एका डब्यात. फोन आला की त्यातली एक गोष्ट दाखवायची. या वयात व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं पुरे. मधेच उठून पळाला तर "पप्पांशी बोल" म्हणून ओढून आणू नका. पप्पांनी झोपतानाची एक गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठवली तर रोज रात्री तीच लावा.

ते घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस मूल लांब पळेल, कदाचित "तू जा" म्हणेल. मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा. त्यांनी उचलून घ्यायची घाई करू नये, जमिनीवर बसून आपणच ठोकळे रचत राहावं, मूल आपल्या पावलांनी येईल. आणि परत निघताना, गाडी पहाटेची असली तरी, त्याला उठवून निरोप घेऊनच निघावं.